विशालाक्षीबाईंच्या कोलूतली भुयारी गाडी

विशालाक्षीबाई घरातला दिवा कधी बोटानं लावत नसत. स्विचबोर्डाखालच्या खिळ्याला चिंचेच्या लाकडाचा, लांब दांड्याचा एक डाव टांगलेला असे. पायांत रबरी चपला चढवायच्या, डाव घ्यायचा, हात होईल तितका लांब करायचा आणि डावाच्या टोकानं बटण खाली पाडायचं. दिवा लागला की डाव पुन्हा खिळ्याला. शेजारची शिवकामी हसायची. "अक्का, तुमच्या घरी भातासारखा उजेडसुद्धा डावानंच वाढतात," असं म्हणायची. विशालाक्षीबाईही हसायच्या, पण डाव काही सोडायच्या नाहीत.

कुंभकोणम्‌च्या मोठ्या बाजारात महालिंग यांचं भांड्यांचं दुकान आहे. तिथं दाराशेजारच्या ओट्यावर बसून त्या भांड्यांवर नावं घालत. लग्नाच्या आहेराची पातेली, गृहप्रवेशाच्या समया, देवळाला द्यायची घंगाळी, सगळं त्यांच्या मांडीवरून जायचं. हातात छिन्नी आणि एक इवलीशी हातोडी. टिंबाला टिंब लावत तमिळ अक्षरं अशी उतरत की गिऱ्हाईक भांडं सोडून त्यांच्या हाताकडेच बघत राही. त्यांच्यासारखंच तंजावरकडच्या जुन्या मराठी घरांतलं कुणी आलं, तर भांड्याच्या बुडाशी देवनागरीतही नाव घालून देत, न विचारता. मधे महालिंगांनी विजेवर चालणारी कोरायची पेन्सिल आणली. "अम्मा, काम भराभर उरकेल," ते म्हणाले. विशालाक्षीबाईंनी ती दुरूनच पाहिली, तिच्या मागची वायर पाहिली आणि म्हणाल्या, "ही दुसऱ्या कुणाला द्या." महालिंगांना कारण ठाऊक होतं. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

कारण सगळ्या गल्लीलाच ठाऊक होतं. त्यांचे यजमान कृष्णकुमारराव एका शाळेत कारकून होते. पट्टीश्वरम्‌च्या वाटेवर वडिलांकडून आलेला भाताचा एक तुकडा होता, त्यावर पाण्याची मोटर होती. सुट्टीच्या दिवशी सायकलनं तिकडे जाणं हा त्यांचा आवडता उद्योग. अशाच एका दिवशी मोटर चालेना. रावांनी खांबावरच्या, शेजारच्या शेताशी सामाईक पेटीतला फ्यूज स्वतःच्या हातानं काढून ठेवला, मोटरीच्या खोलीत आले आणि स्टार्टर उघडून सैल झालेली तार आवळू लागले. शेजारच्या शेतातला सेतू बांधावरून चालला होता. त्याला फ्यूज निघालेला दिसला. रावांची सायकल पलीकडे झाडाआड होती, ती काही दिसली नाही. फ्यूज ढिला होऊन पडला असेल, बसवला तर आपलीही मोटर चालेल आणि रावांचीही, अशा भल्या विचारानं त्यानं तो उचलून जागच्या जागी दाबला.

रावांना खांद्यावर घालून सडकेपर्यंत पळत आणणाराही सेतूच होता. त्याचा उपयोग झाला नाही. त्यांचा मुलगा मुरली तेव्हा दुसरीत होता.

पोलिसांनी विचारलं तेव्हा विशालाक्षीबाई म्हणाल्या, "माझी कुणावर तक्रार नाही." ते खरंच होतं. पण तेराव्याच्या दिवशी सेतू दाराबाहेर उभा राहिला, तेव्हा त्यांना त्याच्याकडे बघवेना आणि त्यालाही आत येववेना. पुढं त्यांचं शेत तोच कसू लागला. दर पोंगलला नव्या तांदळाचं पोतं दारी येई, पण ते दुसऱ्याच कुणाच्या तरी हातून. सेतू स्वतः वीस वर्षांत त्या घराची पायरी चढला नव्हता.

असं असताना मुरलीनं नेमकी वीजच निवडली. आईनं कॉमर्स सुचवलं, बँकेची परीक्षा सुचवली. तो हो हो म्हणाला आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला. मग दूरच्या एका मोठ्या शहरात मेट्रोमध्ये नोकरी लागली. "तेथें काय करतोस?" असं आईनं विचारलं की म्हणे, "कंट्रोल रूममध्यें बसतों, आई. पडद्यावर बघतों, कोठें वीज आहे, कोठें नाही." पहिलं वर्षभर ते खरं होतं. पुढं त्याची बदली झाली, आणि ती गोष्ट त्यानं आईला सांगितलीच नाही.

सांगितली ती शिवकामीच्या फोननं. आवणी महिन्यातली, म्हणजे श्रावण-भाद्रपदातली दुपार होती. शिवकामी फोन नाचवत आत आली. "अक्का, हा आपला मुरलीच ना? केवढा रुबाबदार दिसतोय!" कुणीतरी मेट्रोच्या कामगारांचे फोटो टाकले होते. त्यातल्या एकात नारिंगी जाकीट आणि हेल्मेट घातलेला मुरली भुयारात एका उंच शिडीगाडीवर उभा होता आणि छताशी लटकलेल्या एका लांबलचक दांडीला त्यानं उघड्या पंजानं धरलं होतं. हसत होता.

विशालाक्षीबाई खाली बसल्या. शिवकामीला वाटलं कौतुकानं बसल्या. मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला आणि फोन बंद केला.

थोड्या वेळानं त्यांनी मुरलीला फोन लावला.

"कोठें आहेस?"

"खोलीवर, आई. आत्तांच उठलों."

"दुपारीं उठतोस, तर रात्रीं काय करतोस?"

मुरली हळूच म्हणाला, "तूं फोटो पाहिलास."

"पाहिला. त्या लोखंडाला धरून उभा आहेस."

"तें लोखंड नव्हे. अॅल्युमिनियमची दांडी असते, तिच्या खालीं तांब्याची तार..."

"मज तें शिकवूं नको. तींतून किती वीज जाते, तेवढें सांग."

"पंचवीस हजार व्होल्ट," मुरली म्हणाला. "पण मी हात लावतों तेव्हां तींत कांहीच नसतें, आई."

"तुझ्या बाबांनाही तसेंच वाटलें होतें."

विशालाक्षीबाईंचा आवाज चढला नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, "नोकरी सोड. येथें कांहीही कर."

"नवरात्राला येतों," मुरली शेवटी म्हणाला. "तुला सगळें दाखवतों. तें बघून तूं सोड म्हटलीस, तर सोडीन. बोललों तें बोललों."

मधले दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. एरवी कधी न चुकणारा हात एका समईवर चुकला. सुंदरम् घालायचं तिथं एक अक्षर गळलं, आणि ती समई महालिंगांनी बाजूला ठेवली. एका संध्याकाळी त्या बसनं गोविंदपुरम्‌ला जाऊन विठ्ठल-रुक्मिणीपुढं बसून आल्या. भजन चाललं होतं. त्यांनी काही मागितलं नाही. काय मागावं तेच कळत नव्हतं. नोकरी सुटावी म्हणावं तर मुलाचं तोंड डोळ्यांपुढं येई, आणि राहावी म्हणावं तर ती दांडी.

नवरात्राच्या आदल्या दिवशी मुरली आला, तो दोन मोठी खोकी घेऊनच. तिकडच्या घरांत नवरात्रात कोलू मांडतात. पायऱ्या पायऱ्यांची एक उतरंड करून तिच्यावर देवांच्या, राजाराणीच्या, वाण्याच्या बाहुल्या बसवतात, आणि समोर जमिनीवर दरवर्षी एखादा देखावा असतो. कुणी बाजार करतं, कुणी रथोत्सव. मुरलीनं अंगणातच जाहीर केलं, "यंदां आपल्या कोलूंत भुयारी गाडी."

"वायरी माझ्या बाहुल्यांत?" विशालाक्षीबाई म्हणाल्या.

"बारा व्होल्ट, आई. मुंगी मरायची नाही त्यानें."

आईनं नाही म्हटलं नाही. मुरलीनं पुठ्ठ्याचं भुयार केलं, वर माती लिंपून त्यावर मोहरी पेरली, म्हणजे नवरात्र संपेतो हिरवंगार रान होईल. भुयारात रूळ टाकले. पत्र्याचे तीन डबे, त्यांना अभ्रकाच्या खिडक्या, आत मिणमिणते पांढरे दिवे. छताला लावायची दांडी मात्र त्याला काही केल्या सरळ जमेना. पितळेची पट्टी वाकडी व्हायची आणि गाडीच्या टपावरचा वीज घेणारा हात तिला कुठं चिकटायचा, कुठं सुटायचा. गाडी दोन वीत जायची की दचकून थांबायची. विशालाक्षीबाई भाजी निवडत बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"ठोकतोस काय असा, लाडू वळल्यासारखा? दे इकडे."

त्यांनी छिन्नी-हातोडी आणली, ऐरणीवर पट्टी धरली आणि टक टक करत अशी सरळ केली की तिच्यावर राईचा दाणाही घरंगळला नसता. वीज पुन्हा जोडायच्या आधीच पट्टी बसवून त्या दूर झाल्या. मुरलीनं बटण दाबलं. गाडी भुयारात शिरली ती पलीकडून सुरळीत बाहेर आली. विशालाक्षीबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. मुलगा तिथं काय करतो ते त्यांना थोडंसं हाताला लागलं होतं. वरची दांडी सरळ ठेवणं, गाडीचा हात तिच्यावरून कुठं निसटू न देणं.

"ही वीज येते कोठून?" त्यांनी पहिल्यांदा आपण होऊन विचारलं.

मुरली हरखला. जमिनीवर बोटानं रेघा ओढत सांगू लागला. मोठ्या तारांवरून आलेली वीज मेट्रोच्या स्वतःच्या सबस्टेशनात उतरते, तिथं तिचा दाब कमी करून ती या दांडीत सोडतात. गाडीच्या टपावरचा हात, त्याला पँटोग्राफ म्हणतात, तो स्प्रिंगच्या जोरावर खालून दांडीला टेकलेला असतो. तिथून वीज गाडीत येते, डब्याखालच्या ट्रान्सफॉर्मरमधून मोटरींकडे जाते, दिव्यांकडे, गार हवेकडे जाते, आणि काम झालं की चाकांवाटे रुळांत उतरून परत सबस्टेशनात.

"म्हणजे आल्या वाटेनें न जातां खालच्या वाटेनें घरीं."

"अगदीं तसेंच. आणि एकच सबस्टेशन नसतें, आई. या बाजूचें बंद पडलें तर त्या बाजूचें त्याचा भाग उचलतें. दोघांच्या हद्दीमध्यें दांडीचा एक तुकडा मुद्दाम कोरडा ठेवलेला असतो, त्यांत वीज नसते. गाडी तेवढें अंतर नुसती वेगाच्या जोरावर ओलांडते."

"मग तेवढ्यांत आंतले दिवे जात असतील."

"नाहीं जात," मुरली म्हणाला. "डब्याच्या खालीं बॅटऱ्यांची पेटी असते. वरून वीज आहे तोंवर ती भरत राहते."

"कालव्याला पाणी आहे तोंवर तळें भरून घेतात, तसें."

मुरली हसला. त्याच्या खोलीत नाशिककडचा एक मुलगा राहायचा. त्यानं फोनवर विशालाक्षीबाईंचं बोलणं ऐकलं होतं आणि तो म्हणाला होता, "तुझी आई बखरीतून बाहेर आल्यासारखी बोलते रे." मुरलीला आता वाटलं, बोलू दे. आपण दोन तास प्रशिक्षणात ऐकलं ते हिनं एका तळ्यात सांगितलं.

पहिल्या माळेच्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका कोलू बघायला आल्या. शिवकामी सगळ्यांच्या पुढं होती. सुंडलाच्या, म्हणजे उकडलेल्या हरभऱ्याच्या द्रोणांवर द्रोण गेले. गाडी भुयारातून जाऊन येऊन होती आणि मुलं पोटावर पडून आत डोकावत होती. तेवढ्यात गल्लीतली वीज गेली. पंखे थांबले, ट्यूबलाइट गेली, बाहेरच्या देवळातला ध्वनिक्षेपक अर्ध्या शब्दात गप्प झाला. गाडीही भुयारात थांबली. कोलूपुढची नाचियार्कोविल गावची पितळी समई तेवढी शांत तेवत होती.

आणि भुयारातून उजेड येत होता. पुठ्ठ्याच्या त्या काळ्या तोंडातून अभ्रकाच्या खिडक्यांचे पांढरे ठिपके ओळीनं दिसत होते.

"अय्यो, गाडीतले दिवे चालूच आहेत!" शिवकामी ओरडली.

"असायचेच," विशालाक्षीबाई तमिळमध्ये म्हणाल्या. त्यांच्या आवाजात एक ऐट आली होती, ती त्यांची त्यांनाही कळली नाही. "खाली बॅटरी आहे. मोटर आणि गार हवा बंद पडेल, पण थोडे दिवे, ताज्या हवेचे पंखे आणि ड्रायव्हरचा आवाज चालू राहतो. तोवर दुसऱ्या बाजूनं वीज येते, नाहीतर माणसं येऊन सगळ्यांना बाहेर काढतात. भुयारात कुणी काळोखात बसत नाही."

एक म्हातारी म्हणाली, "विशालाक्षी, तूच तिकडे नोकरीला आहेस की काय?" सगळ्या हसल्या. विशालाक्षीबाईही हसल्या, अगदी मोकळं. कितीतरी दिवसांनी.

वीज आली, बायका गेल्या. विशालाक्षीबाई द्रोण गोळा करता करता थांबल्या आणि म्हणाल्या, "हें गाडींत बसणाऱ्यांचें जाहलें. दांडीला धरणाऱ्याचें सांग."

मुरली याचीच वाट बघत होता. त्यानं गाडीच्या बटणाची पेटी लांब वायर जोडून स्वयंपाकघरात नेली. पेटीला पत्र्याचं झाकण होतं, झाकणाला छोटं कुलूप. आईला तिथं पाटावर बसवलं. "तूं आतां कंट्रोल रूम. मी भुयारांत. मी तुला दिसत नाहीं, तूं मला दिसत नाहींस."

तो बाहेरच्या खोलीत गेला. तिथून त्याचा आवाज आला, "आई, मी काम मागतों आहें. लाइन बंद कर."

विशालाक्षीबाईंनी डावानं बटण बंद केलं. मुरली आत आला, पेटीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि परत गेला. "आतां चालू कर."

"कशी करूं? किल्ली तुझ्याकडे."

"हेंच," बाहेरून आवाज आला. "कामावर गेलेला माणूस परत येऊन आपली सही करीत नाहीं, किल्ली देत नाहीं, तोंवर कुणीही लाइन चालू करूं शकत नाहीं. आमचा सगळ्यांत मोठा साहेब आला तरी नाहीं."

विशालाक्षीबाईंनी डावाच्या टोकानं कुलूप हलवून पाहिलं. मग म्हणाल्या, "माणूस चुकतो, मुरली. कुलूप लावायचें विसरतो."

"विसरतो. म्हणून आम्ही कुलपावर थांबत नाहीं." तो आत आला, कुलूप काढून घेतलं आणि आईला हाक मारून बाहेर नेलं. त्याच्या हातात चिमटे लावलेल्या दोन जाड तारा होत्या. "आधीं दांडीला यंत्र लावून बघतों, वीज खरेंच गेली कीं नाहीं. मग मी जेथें काम करणार त्याच्या एका अंगाला ही तार, दुसऱ्या अंगाला ही. एक टोक दांडीला, एक रुळाला. आतां कुणीं चुकून वीज सोडली तर ती माझ्यापर्यंत येतच नाहीं. तिला सोपी वाट मिळाली. ती रुळांत जाते, आणि तेवढ्यानें सबस्टेशनांतला ब्रेकर पडतो. पापणी लवायच्या आंत." त्यानं दोन्ही चिमटे लावले आणि मधोमध पितळेच्या पट्टीवर बोट ठेवलं. "जा आंत. कुलूप नाहीं. चालू कर."

विशालाक्षीबाई पाटावर येऊन बसल्या. समोर पेटी, हातात डाव. मधे भिंत. भिंतीपलीकडे मुलगा पट्टीवर बोट ठेवून बसलेला, आणि तो त्यांना दिसत नव्हता. फक्त बटण दिसत होतं, बंद पडलेलं, साधं, कुणाचंही असावं असं. त्यांचा हात जागीच राहिला. बारा व्होल्टनं मुंगी मरत नाही हे त्यांना ठाऊक होतं. भीती त्याची नव्हती. त्यांना वाटत होतं, असाच एक माणूस बांधावर उभा होता. त्याच्यापुढं असाच निघालेला फ्यूज होता. भिंतीपलीकडचं त्याला काय दिसणार होतं?

"आई?" बाहेरून हाक आली.

त्यांनी बटण दाबलं. टक् असा आवाज झाला आणि बटण आपलं आपण परत बंद झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. मुरली बाहेरून गुणगुणत होता.

मग त्या उठल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तूं आंत जा. मी धरतें."

"आई, नलगे. तुला..."

"जा म्हणतें ना."

चपला न घालता, ओल्या फरशीवर बसून विशालाक्षीबाईंनी आपण स्वतः सरळ केलेल्या त्या पट्टीवर पंजा ठेवला. आतून टक् आवाज आला. काही झालं नाही. आणखी एकदा आला. काही झालं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते थांबेना, पण रडणं वाटावं असं ते नव्हतं. वीस वर्षं छातीवर ठेवलेलं घंगाळ कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसा त्यांना श्वास येत होता.

मुरली बाहेर येऊन शेजारी बसला. त्या म्हणाल्या, "त्या दिवशीं बाबांच्या खिशांत अशी किल्ली असती..."

"तर ते असते, आई."

"आणि सेतूही आपल्याकडे येत असता."

मुरलीनं पट्टीचे चिमटे सोडवत विचारलं, "नोकरीचें काय? तूं सोड म्हटलीस तर..."

"सोडून काय करशील? येथें माझ्याजवळ बसून पट्ट्या वाकड्या करशील." त्यांनी डोळे पुसले. "जा कामावर. पण मला खोटें सांगूं नको यापुढें. काळजी करायची तर खऱ्याची करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुरलीला बरोबर घेतलं आणि पट्टीश्वरम्‌च्या बसनं शेतावर गेल्या. इतक्या वर्षांत त्या एकदाही तिकडे फिरकल्या नव्हत्या. कुरुवईचं, म्हणजे भाताचं पहिलं पीक कापून नेलेलं होतं आणि पुढच्या लावणीची चिखलणी चालली होती. सेतू गुडघाभर चिखलात उभा होता. केस सगळे पांढरे झाले होते. बांधावर कोण आलं ते ओळखल्यावर त्याच्या हातातलं फावडं खाली आलं.

"सेतू अण्णे," विशालाक्षीबाईंनी तमिळमध्ये हाक मारली, "वर या. मला काही सांगायचंय."

तो आला, पण चार पावलं दूरच थांबला. मान खाली.

"काल मी स्वयंपाकघरात विजेच्या बटणापुढं बसले होते," त्या म्हणाल्या. "हा बाहेरच्या खोलीत वायर धरून होता. खेळच होता, पण मला तो दिसत नव्हता. तेव्हा मला कळलं, त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं ते."

सेतूनं मान वर केली. "काय, अम्मा?"

"काही नाही. दिसण्यासारखं तिथं काही नव्हतंच. कुलूप नव्हतं, पाटी नव्हती, काही नव्हतं. तुम्ही शेजाऱ्याची मोटर चालू करायला गेलात. दुसरं काही केलं नाहीत."

सेतू म्हणाला, "एक हाक मारायला हवी होती. रोज वाटतं. एक हाक."

"हाक त्यांनीही मारली नाही, फ्यूज काढताना," विशालाक्षीबाई म्हणाल्या. "त्यांनाही वाटलं, इथं कोण येतंय. अण्णे, मी तुमच्यावर कधी रागावले नव्हते. पण हे तुम्हाला येऊन सांगायला मला इतकी वर्षं लागली, हे चुकलं."

सेतू बांधावरच बसला आणि चिखलानं भरलेल्या हातांनी त्यानं तोंड झाकलं. मुरलीला कळेना काय करावं. मग तो त्याच्या शेजारी बसला, पँट चिखलात माखली तरी. विशालाक्षीबाई उभ्याच राहिल्या. वारा सुटला होता. समोर मोटरीची खोली होती, तिचं दार नवं होतं, आणि त्यांना तिच्याकडे बघता येत होतं.

त्या संध्याकाळी सेतू बायकोला घेऊन कोलू बघायला आला. कमरेला धुतलेली पांढरी वेष्टी, कपाळावर विभूती, हातात केळ्यांचा एक घड. पायरीशी तो क्षणभर थबकला. विशालाक्षीबाई आतूनच म्हणाल्या, "अण्णे, दारात काय उभे, या ना," जणू तो परवाच येऊन गेला होता. आत आल्यावर त्याची बायको बाहुल्या बघत राहिली आणि तो सरळ गाडीपाशी जाऊन उकिडवा बसला. सुंडलाचा द्रोण त्याच्या हातात तसाच राहिला. गाडी एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली. विशालाक्षीबाईंनी त्याला दांडी दाखवली, टपावरचा हात दाखवला, बॅटरीची पेटी दाखवली, आल्या वाटेनं न जाता खालच्या वाटेनं घरी जाणारी वीज दाखवली.

सेतूनं सगळं ऐकून घेतलं. मग शेतकऱ्याच्या बेतानं विचारलं, "पण अम्मा, हा हात दिवसभर वर घासत जातो. मग झिजत नाही? आमचा नांगराचा फाळ तर हंगामात झिजतो."

विशालाक्षीबाई विचारात पडल्या. हे त्यांनी विचारलंच नव्हतं. "मुरली," त्यांनी परसदाराकडे हाक दिली, "लौकर ये रे. अण्णे काय विचारतात बघ."

"झिजतो ना!" मुरली ओले हात झटकत आला आणि सेतूशेजारी मांडी घालून बसला. "वर कार्बनची पट्टी असते, ती झिजते, मग बदलतात. आणि एकाच जागी खाच पडू नये म्हणून दांडी जरा नागमोडी नेतात, एवढीशी इकडे, एवढीशी तिकडे."

"म्हणजे मी ती उगीच एवढी सरळ केली?" विशालाक्षीबाई म्हणाल्या, आणि सेतू पहिल्यांदाच हसला.